‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हे वाक्य मी किती वेळा लिहिले

गेली बावीस वर्षे मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे आणि या काळात सर्वांत जास्त वेळा लिहिलेले वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर उत्तर तयार आहे: ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने झालेल्या अपघातात...’ त्यापुढे मृताचे नाव, वय, गाव आणि शेवटी ‘अपघाताची नोंद पोलीस ठाण्यात झाली आहे’. हे लिहिताना आता विचार करावा लागत नाही, हात आपोआप चालतो. मागच्या महिन्यात पहाटे दूध घालायला निघालेला आमच्या ओळखीचा एक शेतकरी गावाबाहेरच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्याचीही बातमी मी याच साच्यात बसवून पाठवली आणि रात्री जेवायला बसलो तेव्हा लक्षात आले, की या माणसाचा ताबा कशावरूनच सुटला नव्हता. दोन कॅन बांधलेली जुनी मोटारसायकल घेऊन तो रोज ज्या बेताच्या वेगाने जायचा, त्याच वेगाने त्या दिवशीही चालला होता.

आमचे गाव रत्नागिरी–नागपूर राष्ट्रीय महामार्गालगतचे, तालुक्याचे ठिकाण. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मिरजेपासून सोलापूरपर्यंतचे कोणतेही गाव या मजकुरात स्वतःला ओळखेल. पूर्वीचा रस्ता एकपदरी होता, दोन्ही बाजूंना चिंचेची आणि लिंबाची झाडे होती, साईडपट्ट्या खचलेल्या होत्या आणि पावसाळ्यात खड्ड्यांतून वाट काढत जावे लागे. त्या रस्त्याला आम्ही सर्वांनी शिव्या दिल्या, मी तर लेखमालाच लिहिली. अपघात तेव्हाही होत, पण बहुतेक वेळा माणूस हात-पाय मोडून ग्रामीण रुग्णालयात यायचा, प्लास्टर घालून घरी जायचा आणि पुढच्या बाजारी कुबडी घेऊन भेटायचा. चौपदरी रस्ता झाल्यावर ग्रामीण रुग्णालयात किरकोळ जखमी कमी दिसू लागले आणि शवविच्छेदनाचे कागद जास्त. माझ्या वह्यांमधल्या नोंदी म्हणजे शास्त्रीय गणना नव्हे, म्हणून आकडा देत नाही. पण वह्या उलगडल्या की हा बदल अडाण्यालाही दिसेल.

देशाचे आकडे मात्र छापलेले आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. मेलेल्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक ग्रामीण भागात मेले. सर्वांत बोलका आकडा पुढचा आहे: सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले, तर वळण, खड्डे आणि चढ-उतार यांचा मिळून वाटा १४ टक्क्यांच्या आसपास. सरळ रस्त्याची लांबीच मुळात जास्त असते, त्यामुळे हा आकडा तोलून घ्यायला हवा, हे मान्य. तरीही ‘घाटात जपून, वळणावर जपून’ हे ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला सरळ, गुळगुळीत, मोकळ्या रस्त्याची भीती कोणी घातलीच नाही, हे खरे आहे.

आता तो पहाटेचा शेतकरी जिथे गेला त्या जागेबद्दल. गावाबाहेर डिव्हायडरला एक कट आहे. कट म्हणजे मधल्या दुभाजकातली फट. ती कंत्राटदाराने ठेवलेली नाही, लोकांनी फोडलेली आहे. बातमी पाठवल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि साडेसातपर्यंत नुसते पाहत राहिलो. वस्ती रस्त्याच्या उत्तरेला, दूध संकलन केंद्र दक्षिणेला. नियमाने जायचे तर डावीकडे वळून दीड किलोमीटर पुढच्या अधिकृत वळणापर्यंत जायचे आणि पलीकडच्या बाजूने तितकेच मागे यायचे. म्हणजे समोर दिसणाऱ्या केंद्रावर पोहोचायला तीन किलोमीटर, परत यायला पुन्हा तशीच फेरी. हा हेलपाटा सकाळी आणि संध्याकाळी, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, आणि केंद्राचे शटर साडेसातला खाली येते. अशा वेळी डिव्हायडर फुटणार नाही तर काय होणार? मी उभा होतो तेवढ्या वेळात एकही माणूस दीड किलोमीटर पुढे गेला नाही. बायका डोक्यावर किटली घेऊन, पोरे दप्तर घेऊन, एक आजोबा म्हैस घेऊन त्याच फटीतून पलीकडे गेले. म्हैस मधोमध थांबली तेव्हा कोल्हापूरकडून आलेल्या एका कंटेनरने जो हॉर्न दिला, तो माझ्या छातीत अजून वाजतो आहे.

त्या कंटेनरवाल्याची बाजूही पाहिली पाहिजे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. म्हैस दिसणे, डोक्यात उमटणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात एक सेकंद जरी गेला, तरी ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी २२ मीटर पुढे आलेली असते, आणि भरलेले वाहन तिथून पुढे थांबायला किती जागा घेते हे कोणत्याही ट्रकवाल्याला विचारावे. कटच्या जागी अंधार, कारण तिथल्या हायमास्टचा दिवा लागत नाही. पुढे माणसे रस्ता ओलांडतात असे सांगणारी पाटी नाही, वेगाची मर्यादा सांगणारी पाटी आहे ती एका डाळिंबाच्या रोपवाटिकेच्या फलकामागे. रस्ता बनवणाऱ्याने चालकाला एकच निरोप दिलेला आहे: दामट. तो दामटतो.

यानंतर पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिली जाते, तिची भाषा मला पाठ आहे: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून...’ ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ हे शब्द मी इतकी वर्षे उतरवून घेतले आणि ती परिस्थिती काय होती, हे एकदाही विचारले नाही. पंचनाम्यात घसरल्याच्या खुणा येतात, काचा येतात, रक्ताचा डाग येतो. दिवा बंद होता हे येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम १९८अ घातले गेले. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम फुटकळ आहे. पण तेवढाही दंड कोणाला झाल्याचे, किंवा हे कलम फिर्यादीत लागल्याचे, आमच्या तालुक्यात माझ्या पाहण्यात नाही. हेल्मेटच्या हजार रुपयांची पावती मात्र मी स्वतः भरलेली आहे.

हेल्मेटबद्दल माझा वाद नाही, ते घातलेच पाहिजे. २०२२ मध्ये हेल्मेट नसताना मेलेल्या दुचाकीस्वारांचा आणि मागे बसणाऱ्यांचा आकडा पन्नास हजारांच्या वर आहे, आणि आमच्याकडे ते आरशाला टांगलेले किंवा कोपरात अडकवलेले दिसते, कारण ‘इथंच तर जायचंय’. चौकातल्या फूटपाथवर मिळणारी आयएसआयचा खोटा शिक्का मारलेली टोपली घालून कोणी वाचेल, अशी आशा धरू नये. पण बेचाळीस किलोचा पोरगा आणि पंचवीस टनांचा ट्रक यांना एकाच फटीत आणून सोडायचे आणि मग पोराने हेल्मेट घातले होते का एवढेच विचारायचे, हे मला आता पटत नाही.

दर मृत्यूनंतर आमच्याकडे काय होते, तेही सांगतो. रास्ता रोको होतो, टायर जळतो, कोणी पुढारी येतो आणि दोन दिवसांत रातोरात एक गतिरोधक उगवतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रोड काँग्रेस या संस्थेच्या जुन्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि गोलाकार सांगितला आहे, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जाते. शिवाय त्यावर पट्टे आणि अलीकडे ४० मीटरवर सूचनेची पाटी हवी. आमचा गतिरोधक हा डांबराचा उभा ढिगारा असतो, वीतभर उंच, जेमतेम हातभर रुंद आणि बिनरंगाचा. त्यावर ट्रक अडत नाही. त्यावर नवऱ्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी धरलेली बाई उडून पडते. ‘गतिरोधकावरून दुचाकी आदळल्याने पडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमीही माझ्या साच्यांतलीच एक.

गावाने निवेदने दिली नाहीत असे नाही. उत्तर येते की सदर ठिकाण ‘ब्लॅक स्पॉट’च्या यादीत नाही. हा ब्लॅक स्पॉट म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखे आहे: राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा असा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत दहा माणसे मेली. मोठ्या शहरातल्या एखाद्या बदनाम चौकाला ही व्याख्या शोभते. आमच्यासारख्या गावात आठ किलोमीटरच्या पट्ट्यात सात-आठ कट असतात आणि मरण त्यांच्यात वाटून येते: एक डेअरीपाशी, एक ढाब्यापाशी, एक शाळेच्या फाट्यावर. कोणत्याच ५०० मीटरचा कोटा भरत नाही. आणि भरायची वाट तरी का पाहायची? विहिरीला कठडा बांधण्यापूर्वी तिच्यात पाच जण पडले पाहिजेत, असा दंडक कोणत्याही ग्रामपंचायतीने अजून काढलेला नाही.

ऊस सुरू झाला की या सगळ्यात भर पडते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर कर्ण्यावर गाणी, आणि ट्रॉलीचे टायर फुटले की ती तशीच रस्त्यात दगड लावून रात्रभर सोडून द्यायची. साखर कारखान्यांत हंगाम सुरू होताना गव्हाणीपुढे मोळीपूजन होते, त्या दिवशी रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात, तो फोटो मीच छापतो. मार्चपर्यंत त्या पट्ट्या चिखलाने माखून गेलेल्या असतात आणि पाण्याचा एक फडका मारायला कोणाला सवड नसते.

आणि वारी. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ, कार्तिकीसाठी कोल्हापूर जिल्ह्यातून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत मागून मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. या वाटेने पायी दिंड्या नेमक्या कोणत्या दिवसांत जातात हे पंचांगात छापलेले असते. कोणालाही अचानक कळण्याची गोष्ट नाही. आषाढीच्या मोठ्या पालख्यांचा बंदोबस्त राज्य उत्तम करते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पन्नास माणसांची, एका टेम्पोची, वीणेकरी पुढे आणि म्हातारी माणसे मागे अशी छोटी दिंडी मात्र पांढरी पट्टी धरून आपापल्या नशिबावर चालते. तिच्यामागे चमकणारे जाकीट घातलेला, हातात लाल बॅटरी धरलेला एक माणूस ठेवायला किती खर्च येतो?

जखमीला उचलण्याबद्दल दोनच ओळी, कारण हे अजूनही लोकांना माहीत नाही. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, त्याला नावही सांगण्याची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ ते संरक्षण देते. १०८ लावा, आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, ती रुग्णालयात नाव घेऊन मागा. व्हिडिओ नंतर काढता येतो.

आता माझ्यापुरते. त्या शेतकऱ्याच्या बातमीला मी दुसऱ्या दिवशी चार ओळींची पुरवणी पाठवली: दिवा किती दिवस बंद आहे, अधिकृत वळण किती दूर आहे, पाटी कशामागे झाकली गेली आहे. डेस्कवरच्या सहकाऱ्याचा फोन आला, “साहेब, जागा नाही, आणि हे बातमीत कुठं बसवायचं?” त्याचा दोष नाही, बावीस वर्षे मीच त्याला तसा साचा पाठवत आलो. यापुढे माझ्या प्रत्येक अपघाताच्या बातमीत किलोमीटरच्या दगडाचा आकडा, उजेड होता की नव्हता आणि रस्ता ओलांडायला जवळची रीतसर जागा किती अंतरावर होती, या तीन गोष्टी असतील, आणि कापल्या तर इथे लिहीन. गावाबाहेरच्या साऱ्या कटांचा असा एक कागद तयार झाला की तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवायचा आहे. मागणी ‘अपघात थांबवा’ अशी मोघम नसेल. डेअरीपाशी भुयारी मार्ग. तो होईपर्यंत अलीकडे-पलीकडे वेग कमी करायला लावणाऱ्या खडबडीत रंबलर पट्ट्या, पिवळा लुकलुकता दिवा आणि चालू असलेला हायमास्ट. दूध संघाने रस्त्याच्या उत्तरेला दूध घ्यायला एक दुसरा काटा मांडला, तर निम्मी माणसे रस्ता ओलांडणारच नाहीत, हेही त्यात लिहिणार आहे. ही सूचना माझी नाही, म्हैस घेऊन चाललेल्या त्या आजोबांची आहे.

काल संध्याकाळी दिवा बंदच होता. येत्या रविवारी पहाटे मी टेप आणि वही घेऊन कटवर असेन. एकट्याने टेप धरता येत नाही, त्यामुळे ज्यांना यायचे आहे त्यांनी पावणेसहापर्यंत यावे आणि गाडी रस्त्याकडेला न लावता डेअरीच्या आवारात लावावी.