माल आहे, तो अडतो सीमेवर

"आफ्रिकन देशांचा आपसातला मुक्त व्यापार ही निव्वळ भूलथाप आहे. सगळ्यांकडे विकायला कच्चाच माल, मग एकमेकांकडून घेणार काय? गरीब देशांची जकात मात्र बुडेल. २०१८चा करार तर कागदावरच पडून आहे." हा मजकूर सगळीकडे फिरतोय. यातला करार म्हणजे आफ्रिका खंडातल्या देशांचा मुक्त व्यापार करार (एएफसीएफटीए). त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो चटकन पटतो आणि म्हणूनच मला तो खटकतो.

आधी कच्च्या मालाचं बघू. खंडाबाहेर मुख्यतः तेल, तांबं, सोनं, कोको जातं, हे खरं. पण आपसातल्या व्यापारात तयार मालाचा वाटा त्याहून बराच मोठा आहे. केनियातून युगांडात सिमेंट, साबण, लोखंडी पत्रे जातात. तिकडून मका, दूध, अंडी येतात. याच कराराच्या सवलतीत २०२२मध्ये केनियाने घानाला पाठवलेल्या सुरुवातीच्या मालात तर बॅटऱ्या होत्या.

मग आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या १५ टक्क्यांच्या आसपासच का? काझुंगुलाला काय होत होतं ते बघा. बोत्स्वाना आणि झांबियाच्या मधून झांबेझी वाहते. मे २०२१पर्यंत ट्रक इथे तराफ्यावरून पलीकडे जायचे, एका खेपेला मोजकेच. मागे लांब रांग, आणि ड्रायव्हर दिवसचे दिवस ट्रकमध्येच मुक्कामाला. आता तिथे ९२३ मीटरचा पूल आहे आणि दोन्ही देशांचे कागद एकाच ठिकाणी तपासले जातात. वसाहतकाळातल्या रेल्वेही बहुतेक खाणीपासून बंदरापर्यंतच गेल्या. शेजारच्या देशाशी जोडायचं कुणाच्या मनातच नव्हतं. जागतिक बँकेच्या २०२०च्या अंदाजानुसार या कराराने २०३५पर्यंत उत्पन्न ४५० अब्ज डॉलरने वाढू शकतं, आणि त्यातला मोठा हिस्सा जकात घटल्यामुळे नाही, तर सीमेवरचा खोळंबा आणि कागदपत्रं कमी झाल्यामुळे येईल.

जकात एका रात्रीत जाणारही नाही. ९० टक्के वस्तूंवरची जकात टप्प्याटप्प्याने उतरवायची आहे आणि अतिगरीब देशांना त्यासाठी १० वर्षं दिली आहेत.

'कागदावरच' हा आरोप मी पूर्ण झटकणार नाही. रवांडाची राजधानी किगालीत मार्च २०१८मध्ये सह्या झाल्या, व्यापार सुरू व्हायला १ जानेवारी २०२१ उजाडलं, आणि कापड नि मोटारींच्या उगमाचे नियम, म्हणजे माल कुठल्या देशात बनला असं मानायचं ते ठरवणारे नियम, त्यानंतरही रखडले. नायजेरियाने जुलै २०१९मध्ये सही केली आणि पुढच्याच महिन्यात तस्करीचं कारण देऊन जमिनीवरच्या सीमा बंद केल्या. मार्च २०२१मध्ये केनियाने बुरशीच्या विषाकडे बोट दाखवत युगांडा आणि टांझानियाचा मका अडवला. पण मका अडवावा लागला, म्हणजे त्याला गिऱ्हाईक होतंच ना?

केनिया-युगांडा सीमेवरच्या बुसियात बायका कराराच्या कितीतरी आधीपासून धान्य, भाजी, कपडे इकडून तिकडे नेतात. २००० डॉलरपर्यंतच्या मालाला तिथे, माल कुठला आहे हे सांगणारा सोपा दाखला मिळतो. तरी अनेकजणी आजही आडवाटेनेच जातात. स्वाहिलीत त्या वाटांना उंदरांच्या वाटा म्हणतात. त्या दाखल्याची माहितीच त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते.