‘मालकांची भाषा’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

मिरजेतल्या लहान हॉस्पिटलांनी मिळून स्टाफसाठी एक पाळणाघर, लसीकरणाची एक नोंदवही आणि नाइटला ने-आण करणारी एक गाडी ठेवावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपली प्रतिक्रिया : "मालक एकत्र येतात ते पगार दाबायला. ५० महिलांचा नियम चुकीचा सांगितलाय. बाकी सगळी मालकांची भाषा, एसीत बसून लिहिलेली."

चूक मान्य. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली घातलेली, आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलेली, पाळणाघराची अट ५० कर्मचाऱ्यांची आहे, ५० महिलांची नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. त्याच कलमात सामायिक पाळणाघरही चालेल असं म्हटलंय. तेवढी ओळ आपण वाचायची सोडलीत.

आता "एसीत बसून". मी २१ वर्षं सिस्टर आहे. पहिली नोकरी १८ खाटांच्या हॉस्पिटलात. तिथे हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लसीचे दोन डोस मिळाले. तिसरा सहाव्या महिन्यात असतो, आणि पाचव्या महिन्यात मी पलीकडच्या गल्लीतल्या हॉस्पिटलात लागले. नवे म्हणाले, जुन्यांकडे घ्या. जुने म्हणाले, तुम्ही आता आमच्याकडे नाही. डोस राहिला तो राहिलाच.

दोन वर्षांनी एका नाइटला, पहाटे साडेतीनच्या सुमारास, सुई काढताना पेशंटने हात झटकला आणि ती माझ्या तर्जनीत घुसली. ग्लोव्ह ओढून काढला, बोट नळाखाली धरलं. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू करायच्या, ७२ तासांनंतर उपयोग नाही, हे पाठ होतं. पण कपाटात गोळ्या नव्हत्या आणि मी निघाले असते तर वॉर्डात एकट्या मावशी उरल्या असत्या. सातला डे ड्युटीची सिस्टर आली, तेव्हा रिक्षाने सिव्हिलला गेले. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, हिपॅटायटिसचा तिसरा डोस झालाय ना? २८ दिवस गोळ्या घेतल्या, रोज मळमळ. घरी सांगायचं धाडस झालं नाही. सासूबाई विचारत राहिल्या, काही गोड बातमी आहे का.

ही मालकांची भाषा? सांगा ना.

इथली हॉस्पिटलं एकमेकांपासून पाच मिनिटांवर आहेत. पोरी एकीकडून दुसरीकडे जातात, त्यांच्या लसीची नोंद मात्र जात नाही. १८ खाटांच्या ठिकाणी ५० माणसं नसतातच, म्हणजे पाळणाघराचा कायदा तिथे लागूच होत नाही. चौघांनी मिळून एक चालवलं तर परवडतं. गोळ्यांचा साठा एका ठिकाणी चोवीस तास उघडा ठेवला तरी पुरे. माझं मागणं असंच आहे.

पगाराचं म्हणाल, तर तो वाढलाच पाहिजे. मालक आपसात दर ठरवतही असतील. पण माझ्या लेखाचा विषय तो नव्हता, त्यावर इथे वाद घालणार नाही.

आणि एक. मतभेद असू द्यात, पण ज्या बाईने कधी तुमचं वाईट केलं नाही तिला मालकांची हस्तक म्हणण्याआधी ती काय काम करते एवढं तरी विचारायचं होतं. नाइट करून आल्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. झोप लागली नाही.

माझ्या हाताखालच्या एका मुलीचा तिसरा डोस पुढच्या महिन्यात आहे आणि एक तारखेपासून ती दुसरीकडे लागतेय. मी दोन्ही ठिकाणी फोन केले. काल एकांनी होकार दिला.