मॉडेल बनवा, पण कुणाच्या हाती लागू देऊ नका

आपण तीन महिने राबून शहराच्या पाणीवाटपाचं मॉडेल उभं करायचं आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरानं ते दहा मिनिटांत उघडून वापरायचं, हा कुठला न्याय? तसं होऊ नये म्हणून काही उपाय सांगतो. सगळे माझ्यावर झालेले आहेत, त्यामुळे गुण येतो याची खात्री.

सुरुवात फाइलच्या नावापासून. गेल्या महिन्यात माझ्या हाती जो पेन ड्राइव्ह आला, त्यात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ आणि ‘साहेबांनी सांगितलेलं’ अशा चार फाइली होत्या. साहेबांकडे गेलो, विचारलं, यातलं तुम्ही कुठलं सांगितलेलं? साहेब म्हणाले, ‘मी कधी सांगितलं?’

पुढचं. हे मॉडेल ज्यात बनतं ते ईपानेट, म्हणजे पाइपांतलं पाणी आणि दाब काढून देणारा प्रोग्राम, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९९३ साली काढलं, फुकट वाटलं, त्यामुळे प्रोग्राम लपवून ठेवायची सोय नाही. पण फाइल लपवता येते. नुसतं सेव्ह केलं की डॉट नेट फाइल होते, ती माणसाला वाचता येत नाही. एक्स्पोर्ट केलं की डॉट आयएनपी होते, ती साधी मजकुराची. नोटपॅडमध्ये उघडते, जुनी-नवी शेजारी ठेवून काय बदललं ते दिसतं. म्हणून एक्स्पोर्ट करायचं नाही. माणसं वाचायला लागली की प्रश्न विचारतात.

मॉडेलमधल्या पाइपांच्या मागे दिसणारा शहराचा नकाशा स्वतःच्या डेस्कटॉपवर ठेवा. फाइलीबरोबर त्याचा पत्ता जातो, नकाशा जात नाही.

एकक तर चुकूनही सांगू नका. एलपीएस (सेकंदाला लिटर) निवडलं की लांबी मीटरमध्ये आणि व्यास मिलिमीटरमध्ये, जीपीएम (मिनिटाला गॅलन) निवडलं की फूट आणि इंच. मधेच बदललं तर आधी भरलेले आकडे आपोआप बदलत नाहीत. आमच्या फाइलीत १५० मिलिमीटरची लाइन अशीच १५० इंचांची झाली होती. म्हणजे पावणेचार मीटरच्या वर. सोलापुरातल्या सात रस्त्याची शेअर रिक्षा सीट भरून त्यातून गेली असती. पाणी मात्र मॉडेलमध्ये झकास आलं हो. सगळीकडे.

पंपाच्या कर्व्हला, म्हणजे किती प्रवाहाला किती हेड (पाणी किती उंच चढतं) त्या आलेखाला, एकच पॉइंट द्या. बाकीचा कर्व्ह ईपानेट स्वतःच काढतं: प्रवाह शून्य असताना हेड त्या पॉइंटच्या १३३ टक्के, जास्तीत जास्त प्रवाह त्याच्या दुप्पट. तो पॉइंट टेस्टचा की पंपावरच्या पाटीचा, हे सांगायचं नाही.

आता रामबाण उपाय. पाइपला खडबडीतपणाचा आकडा असतो, हेझन-विल्यम्सचा सी. नव्या बिडाच्या पाइपला १३०-१४०, मग गंज चढेल तसा उतरतो. तर एखाद्या पाइपला ६१ टाका. का, ते सांगू नका. मी फोन केला. हे मॉडेल बनवून जे दादा पुण्याला नव्या नोकरीवर गेले, त्यांनाच.

‘दादा, पेठेतल्या लाइनला ६१ कशावरून?’

‘अरे, मॅच होत नव्हतं म्हणून टाकलं.’

‘कशाला मॅच?’

‘त्या दिवशीच्या रीडिंगला. वहीत आहे बघ.’

वही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला गेली होती. ‘मग?’ म्हटलं, तर दादा म्हणतात, ‘सोपंय रे, बघितलं की कळतं. माझ्या डोक्यात आहे सगळं.’ डोकं पुण्यात, फाइल सोलापुरात, आणि पाइप जमिनीखाली.

आता रीडिंग पुन्हा घ्यायचं, तर सोलापुरात ते काय आपल्या सवडीनं मिळतं? उजनीहून शंभर किलोमीटरच्या वर पाणी येतं आणि त्या भागात पाचव्या दिवशी सुटतं. पहिल्या पाळीला मी पोचेपर्यंत पाणी गेलं होतं. पाच दिवस थांबलो. दुसऱ्या पाळीला दाब मोजायच्या गेजचा वॉशर गळत होता. आणखी पाच दिवस. वहीतल्या एका ओळीसाठी दहा दिवस, आणि रोज साहेबांचं ‘काय करलालास बे नुसतं?’ ऐकायचं ते वेगळं. तिसऱ्या पाळीला पहाटे चारला एका काकूंच्या दारातल्या नळाला गेज लावून बसलो, तर काकू घागर घेऊन उभ्या. ‘पाच दिवसांनी पाणी आलंय, तुझं ते घड्याळ काढ की रे आधी!’ मी म्हटलं, काकू, दोन मिनिटं, दाब बघलालो. त्या म्हणाल्या, ‘त्यात काय बघायचंय? चावीवाला कोपऱ्यावरची चावी अर्धीच फिरवतो. माझ्याकडं लिहिलेलं आहे.’

आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवलं. चौकटी-चौकटीत पेनानं: ४.१०, सहा घागरी. ४.३५, तीन घागरी. मधे एका चौकटीत ‘चावी पूर्ण’, त्या दिवशी अकरा.

म्हणजे पाइप इतका खराब नव्हताच. अर्ध्या उघड्या चावीचा दोष त्या ६१ मध्ये कोंबला होता. चावी पूर्ण उघडून घेतली, पुन्हा रीडिंग घेतलं, सी आला ८४. घर्षणात जाणारा दाब निम्म्याच्या जवळ आला. त्या ६१ वर विसंबून तो पाइप उकरून बदलायचा प्रस्ताव टाइप होऊन तयार होता. सहीपुरता राहिला होता.

अहो, ईपानेटमध्ये एकेका पाइपला डिस्क्रिप्शनचा रकाना आहे! प्रोजेक्ट समरीत टिपा लिहायला अख्खी चौकट आहे! तुमची चौकट कोरी. सगळ्या फाइलींची कोरी. गाड्यांची मॉडेल करणाऱ्यांनी २०१० साली एफएमआय नावाचं मानक काढलं. त्यात मॉडेल झिप होऊन जातं आणि आत कुठलं इनपुट, कुठलं आउटपुट, कुठलं एकक, ते एका एक्सएमएल फाइलीत लिहिलेलं असतं, म्हणजे एका कंपनीचं मॉडेल दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये चालतं. तेवढं आपल्याकडून होणार नाही, मान्य. पण ‘६१ अंदाजे, चावी तपासली नाही’ एवढं लिहायला काय जात होतं? पाच शब्द! वेळ नव्हता म्हणे. चार-चार फायनल सेव्ह करायला होता. आणि साहेब, तुम्हीही. माणूस सोडून जाताना लॅपटॉपचा चार्जर मोजून घेता, माउसची सही घेता, आणि ज्या कामाचा त्याला तीन वर्षं पगार दिला त्याच्याबद्दल विचारता काय, तर ‘पेन ड्राइव्हवर टाकलंस ना?’ लाज वाटायला पाहिजे आपल्या सगळ्यांना. सगळ्यांना म्हणतोय, कारण माझ्या आधीच्या ऑफिसातल्या फाइलीतही काय लिहून आलोय ते मला माहीत आहे.

फाइल आता आयएनपीत काढली आहे, एकच ठेवली आहे. त्या पाइपच्या रकान्यात लिहिलंय: ‘सी ८४, चावी पूर्ण उघडी, पहाटे ४.२०, रीडिंग स्वतः घेतलं. आधीचे ६१ चुकीचे.’ खाली दादांचा फोन नंबर टाकणार होतो. काकूंचा टाकला, त्यांना विचारून.