बंबाचं तोंड बांधू नका

व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: परसात लाकडावरचा बॉयलर बसवा, त्याचा पाइप थेट न्हाणीघरातल्या गीझरला जोडा, साधा पीव्हीसी चालतो, पंप लागत नाही, वीजबिल शून्य. वर शेपूट असं, की ‘अमेरिकेत खेडोपाडी असंच करतात.’

आधी अमेरिकेचं. तिथल्या थंड मुलखात घराबाहेर लाकडाची भट्टी असते, हे खरं. पण भट्टीतल्या पाण्यात गंज रोखणारं औषध घातलेलं असतं, म्हणून ते अंघोळीच्या पाण्यात मिसळू देत नाहीत. गीझरच्या अंगाला नळीत नळी असा उभा जोड बसवतात. एका नळीत भट्टीचं पाणी, दुसरीत घरातलं. उष्णता तेवढी पलीकडे जाते. शिवाय बहुतेक भट्ट्यांची टाकी हवेला उघडी असते. सल्ला देणाऱ्याने नेमकं हेच गाळलंय.

‘गीझरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतोच की!’ असतो, दाब फार वाढला की तो उघडतो. पण विजेचा गीझर ठरल्या तापमानाला बंद होतो, पेटलेल्या ओंडक्याला बटण नसतं. बऱ्याच गीझरांवर ८ बार (हवेच्या दाबाच्या सुमारे आठपट) दाब छापलेला असतो. बंद टाकीत एवढ्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, १७५ च्या आसपास उकळतं. म्हणजे तो दाब येईपर्यंत पाणी किती तापलेलं असेल बघा. त्यात बोअरच्या क्षारांनी व्हॉल्व्ह आधीच धरलेला असला तर? टाकी फाटली की त्यातल्या पाण्याचा साधारण सातवा हिस्सा क्षणात वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते.

आजीचा तांब्याचा बंब असा कधी फुटला नाही, कारण त्याला दाब धरताच येत नव्हता. वरचं तोंड उघडं, झाकण नुसतं टेकवलेलं. नळजोडणी करताना हेच तोंड हवेच्या पाइपच्या रूपाने ठेवायचं: बॉयलरच्या माथ्यावरून निघून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर उघडणारा पाइप, त्यावर ना कॉक, ना झाकण. थेंब पडतात म्हणून त्याला बूच मारणारे महाभाग मी पाहिलेत. अहो, १०० लिटर पाणी २५ वरून ८० अंशांवर गेलं की अडीच लिटरने फुगतं. थंड पाण्याच्या लाइनवर एकदिशा व्हॉल्व्ह असेल, तर ते जाणार कुठून?

‘साधा पीव्हीसी चालतो.’ अजिबात नाही, ६० अंशांच्या आतबाहेरच तो लेचापेचा होतो. सीपीव्हीसी ९३ पर्यंत टिकतो, तरी बॉयलरजवळचे पहिले चार-पाच फूट जीआयच (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) घ्या.

‘पंप लागत नाही’ हे मात्र बरोबर, तापलेलं पाणी आपणहून वर चढतं. भट्टी खाली, टाकी वर आणि पाइप सलग चढता हवा; मध्ये उंटाची पाठ आली की हवा अडकलीच.

आता बिल. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ४ युनिटं लागतात. वाळलेल्या लाकडाच्या किलोतही साधारण तेवढीच उष्णता असते, पण बरीचशी धुराड्यातून जाते. तीन-चार किलो धरा. घरच्या झावळ्या-करवंट्या असतील तर फायदाच आहे. लाकूड विकत घेणार असाल तर भाव विचारून गुणाकार करा.

राहिला थर्मोस्टॅट. तो वीज तोडतो, बाहेरून आलेलं कढत पाणी अडवत नाही. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं. घंगाळात विसण घालून मग तांब्या उचलायचा, हे शॉवरखाली जमत नाही. तेव्हा गीझरमधून निघणाऱ्या पाइपवर, पहिल्या नळाच्या आधी, गार पाणी मिसळून तापमान राखणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घ्या.