ब्राउनिंगनंतर ‘लगेच तेल चोपडा’ : या सल्ल्यानेच नळ्या गंजताहेत

गेल्या पावसाळ्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. जुन्या वस्तू जपणाऱ्यांच्या, गडकिल्ले फिरणाऱ्यांच्या आणि घरात परवान्याची ठासणीची बंदूक असलेल्यांच्या अशा तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून तो माझ्याकडे आला. तो ब्राउनिंगबद्दल आहे, म्हणजे नळीवर मुद्दाम तपकिरी थर चढवण्याबद्दल. मजकूर थोडक्यात असा : “बंदुकीच्या नळीचं ब्राउनिंग झालं की वेगळं काही करू नका. तो तपकिरी थर हेच गंजाविरुद्धचं कवच. लगेच खोबरेल किंवा मशीनचं तेल चोपडा, गंज जागच्या जागी मरतो. शंका असेल तर नळी उकळत्या पाण्यात टाका. तरीही गंज दिसला तर लिंबू चोळा, नाहीतर पॉलिश पेपर मारा. पुण्याची हवा कोरडी आहे, काळजी नको.”

हा सल्ला पाळून खराब झालेल्या दोन नळ्या मी वर्षभरात पाहिल्या. त्यातली एक मुळशीकडच्या एका शेतकरी कुटुंबाची होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, तीन पिढ्या सांभाळलेली. तिच्यावर बाजरीच्या दाण्याएवढे खड्डे पडलेले बघून जीव हळहळला. मी बावीस वर्षं भोसरीत प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, शॉपमध्ये काढली. बंदुकांचा कारागीर मी नाही. पण अ‍ॅसिडातून निघालेल्या लोखंडाचं पुढे काय करायचं, हे रोज हाताखालून गेलेलं काम आहे, आणि मेसेज नेमका तिथेच चुकतो.

आधी एक गोष्ट, जी मेसेजात नाहीच. जुनी ठासणीची बंदूक हातात आली तर ती भरलेली आहे असंच धरून चाला. कित्येक वर्षं माळ्यावर पडलेल्या बंदुकांत ठासलेला बार तसाच सापडतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू जुनी झाली म्हणून निकामी होत नाही. गज नळीत शेवटपर्यंत घालून तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. बुडापासून बोटभर वरच तो अडत असेल तर नळीला ऊन, पाणी, उष्णता काहीही दाखवू नका आणि परवानाधारक कारागीर गाठा. वापरातल्या बंदुकीचं काम तर त्याच्याकडेच द्यायचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो.

आता मेसेजमधलं पहिलं वाक्य : तपकिरी थर हेच कवच. ब्राउनिंग म्हणजे मुद्दाम, ताब्यात ठेवून आणलेला गंज. नळी तेलमुक्त करायची, गंज आणणाऱ्या द्रावणाचं पातळ पुट द्यायचं, दमट जागी काही तास ठेवायचं, वर आलेला सुटा गंज बारीक स्टील वूलने काढायचा आणि पुन्हा पुट द्यायचं. असं पाच-सात वेळा, कधी दहा वेळा. शेवटी चिकटून राहतो तो पाणी धरलेल्या लोह ऑक्साइडचा थर. दिसायला तो सुंदर असतोच. पट्ट्या वळून केलेल्या जुन्या नळ्यांत लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग घेतात, त्यामुळे त्यांची नक्षी याच कामात खुलते. पण हा थर सच्छिद्र असतो. त्यात तेल मुरतं हा त्याचा खरा फायदा, आणि ज्या छिद्रांत तेल मुरतं त्याच छिद्रांत पाणीही मुरतं. त्याला एकट्याला कवच म्हणणं म्हणजे न सारवलेल्या भिंतीला पाऊस अडव म्हणण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा दावा दुसरा : लगेच तेल चोपडा, गंज मरतो.

ब्राउनिंगच्या बहुतेक द्रावणांत फेरिक क्लोराइड, नायट्रिक अ‍ॅसिड, मोरचूद यांपैकी काहीतरी असतंच. (जुन्या कृतींत पाऱ्याचं क्लोराइडही सापडतं. ते जबर विष आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.) शेवटचं पुट खरवडून झालं की अ‍ॅसिडाचा आणि क्षारांचा अंश थराच्या छिद्रांत उरतो. त्यात क्लोराइड सर्वांत चिवट. ते लोखंडाशी मिळून लोहाचं क्लोराइड बनतं, हवेतली ओल ओढून घेतं, प्राणवायू मिळाला की त्यातून गंज पडतो आणि क्लोराइड पुन्हा मोकळं होऊन शेजारच्या लोखंडाकडे वळतं. ते स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून थोडंसंही पुरतं. स्वच्छ लोखंड साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या वर ठळक गंजू लागतं. क्लोराइड असलं की २० टक्क्यांच्या आसपासही काम आतल्या आत चालू राहू शकतं. तेलाचा पातळ थर हवेला आणि ओलीला मंद करतो, पूर्ण अडवत नाही, आणि खाली अडकलेल्या क्षाराला तर हातही लावत नाही.

मी गेल्या जुलैत माइल्ड स्टीलच्या पाइपाचे चार तुकडे एकाच द्रावणाने ब्राउन केले आणि गॅलरीत, पाऊस लागणार नाही असे, ओळीने टांगले. एकाला मेसेजप्रमाणे लगेच मशीनचं तेल लावलं. अकराव्या दिवशी त्याच्यावर तेलाच्या खालून नारिंगी ठिपके वर आले, काही ठिकाणी तर घामासारखे बारीक थेंब. बोटाने पुसले, दोन दिवसांत परत. ज्या तुकड्याला आधी सोड्याने धुऊन, वाळवून मग तेच तेल लावलं होतं, तो गणपतीपर्यंत जसाच्या तसा होता. तेल एकच, हवा एकच, फरक फक्त धुण्याचा.

खोबरेलाचं वेगळं सांगतो. खाद्यतेलं हवेत खवट होतात, त्यांत मेदाम्लं मोकळी होतात, आणि नळीलगत पितळी कडी किंवा पट्टी असेल तर तिच्यावर हिरवट कळंक चढते. शिवाय पुण्याच्या थंडीत खोबरेल थिजतं. नळीवर ते एकसारखं न राहता ठिकठिकाणी गोळा होतं. देवघरातल्या समईसाठी जे चालतं ते इथे चालत नाही.

मग सोडा कसा? खायचा सोडा, लिटरभर कोमट पाण्याला दोन मोठे चमचे. नळी दस्त्यापासून सुटी करून त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, मऊ ब्रश फिरवायचा, पाणी बदलून पुन्हा तेच. यामुळे अ‍ॅसिड निवतं. इथे बरेच जाणकारही थांबतात, आणि ते अपुरं आहे. सोडा अ‍ॅसिड मारतो, क्लोराइड मारत नाही. अ‍ॅसिडाच्या जागी साधं मीठ उरतं, तेही लोखंडाचं वैरीच. ते धुऊनच काढावं लागतं. आमच्या शॉपमध्ये अ‍ॅसिडाच्या टाकीनंतर रिन्स म्हणजे साध्या पाण्याची धुलाई, मग अ‍ॅसिड मारणारा न्यूट्रलायझर, मग पुन्हा दोन रिन्स अशी ओळ ठरलेली असे. घाईत कुणी शेवटची रिन्स गाळली तर माल आठवड्याने परत येई.

शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने करा, बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते. सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते वाळल्यावर पांढरे डाग सोडतात, म्हणजे धुताधुताच आपण नळीवर पुन्हा क्षार ठेवतो. क्षार गेले की नाही, हे लिटमसच्या पट्टीवर कळत नाही. ती फक्त अ‍ॅसिड दाखवते. प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथे सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण मिळतं. सोडा पूर्ण निघून गेल्यानंतरचं, नळीवरून ओघळलेलं डिस्टिल्ड पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात दोन थेंब टाका. दुधासारखं गढूळ झालं तर क्लोराइड अजून आहे, पुन्हा धुवा. नळाच्या पाण्यावर ही परीक्षा करू नका, ते स्वतःच गढूळ होईल. हातमोजे घाला; ते द्रावण कातडीवर काळे डाग पाडतं.

उकळत्या पाण्याचा सल्ला अर्धा खरा आहे आणि म्हणूनच फसवा. उकळत्या पाण्याने क्षार लवकर सुटतात आणि गरम झालेली नळी पटकन वाळते, हे खरं. पण नळी उकळत्या पाण्यात ठेवली की तपकिरी ऑक्साइडचं रूपांतर काळ्या मॅग्नेटाइटमध्ये होतं. हीच तर नळी निळसर काळी करण्याची जुनी रीत आहे. माझा तिसरा तुकडा अर्ध्या तासात काळपट झाला. काळा रंग हवा असेल तर खुशाल उकळा, तो थर जास्त घट्टही असतो. तपकिरी टिकवायचा असेल तर हाताला सोसेल इतपतच पाणी गरम ठेवा.

लिंबाबद्दल फार लिहायला नको. लिंबू आणि व्हिनेगर दोन्ही आम्ल आहेत. नवा गंज निघेल आणि त्याच्यासोबत मेहनतीने चढवलेलं ब्राउनिंगही. चौथा तुकडा त्यातच गेला.

पॉलिश पेपरबद्दल मात्र कळवळून सांगतो : जुन्या नळीला तो लावू नका. तिच्यावर कारागिराचे ठसे असतात, खुणा असतात, कधी चांदीच्या तारेचं काम असतं. एकदा घासलं की ते परत येत नाही. बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं जाऊन बघा, त्यांचं वय त्यांच्या कातडीवर दिसतं. चिकटून बसलेला तपकिरी थर आणि सुटा नारिंगी गंज यातला फरक ओळखायला धोतराचा पांढरा तुकडा पुरतो. कोरडाच फिरवा, नारिंगी पूड लागली तर तो गंज जिवंत आहे. तो तेलात भिजवलेल्या अगदी बारीक, चार शून्याच्या स्टील वूलने हलकेच उचलायचा, आणि परत धुण्यापासून सुरुवात.

राहिली पुण्याची कोरडी हवा. एप्रिलमध्ये ती कोरडी असते, कबूल. पण जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ज्यांच्या बंदुका मुळशी-वेल्ह्याच्या घरांत आहेत त्यांना पावसाचं मी काय सांगावं! त्यात नळी बाहेरच्या भिंतीवर किंवा चामड्याच्या म्यानात ठेवलेली असली तर ओल तिथेच मुक्काम करते. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षारही लोखंडाला लागतात. बंदूक दाखवायची म्हणून घामेजल्या हातांनी नळी धरणंही टाळा. बोटांचे ठसे गंजात उमटलेले मी पाहिलेत.

ज्यांनी मेसेज वाचून नळीला आधीच तेल चोपडलंय, त्यांचं काम अजून हातात आहे. टर्पेंटाइनने तेल पूर्ण काढा, कारण तेलावरून सोड्याचं पाणी नुसतं घरंगळतं. मग वर सांगितल्याप्रमाणे सोडा आणि दोन-तीन धुलाया. धुताना नळीच्या दोन्ही टोकांना लाकडी बूच मारा, तरीही पाणी आत जातंच असं धरून नंतर आतून कोरडं फडकं फिरवा. बुडाच्या आट्यांत, बत्ती पोचवणाऱ्या बारीक भोकात आणि जोडनळीच्या (दोन नळ्यांच्या बंदुकीच्या) मधल्या पट्टीखाली पाणी दडून बसतं. तिथे हेअर ड्रायर धरून सावकाश वाळवा. गॅसच्या शेगडीवर नको, जोडनळीच्या नळ्या जोडणारं झाळण साधारण १८० अंशांच्या पुढे वितळू शकतं. नळी कोमट असतानाच खनिज तेल लावून एक दिवस ठेवा, दुसऱ्या दिवशी जास्तीचं पुसा आणि टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मधमाशीचं मेण पातळ हाताने चोळा. पहिला महिनाभर दर चार दिवसांनी पांढरा कपडा फिरवून बघत राहा, आणि दस्त्याखाली झाकली जाणारी बाजू विसरू नका; मुळशीच्या त्या नळीचे सगळ्यात खोल खड्डे तिथेच होते.