बोरिंगमुळे भूकवच पातळ होत नाही

इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणाऱ्या माझ्या मावशीने छतावरचे पाणी जुन्या बोरिंगमध्ये सोडण्यासाठी बोलावलेल्या प्लंबरला गेल्या आठवड्यात दारातूनच परत पाठवले. कारण विचारले, तेव्हा तिने मोबाइलवर आलेला एक लांबलचक संदेश वाचून दाखवला आणि म्हणाली, "अरे, विषाची परीक्षा कशाला घ्यायची?" संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: हजारो बोरिंगांमुळे माळव्याखालचे भूकवच, म्हणजे पृथ्वीचा सर्वांत वरचा खडकाळ थर, पातळ झाले आहे, त्यांत पावसाचे पाणी सोडले तर ते खालच्या लाव्ह्याला भिडून वाफेचा स्फोट होईल, हिमालयाच्या भाराने त्याच्याखालचे कवच चेपून पातळ झाले आहे, आणि माणूस १२ किलोमीटरपलीकडे खणू शकलेला नाही, तेव्हा शास्त्रज्ञ सांगतात ती जाडी, पृथ्वीची असो वा मंगळाची, निव्वळ थाप आहे.

पावसाळा तोंडावर आलेला असताना लोकांना पुनर्भरणापासून परावृत्त करणारा दुसरा मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने उज्जैनहून दक्षिणेकडे नर्मदा ओलांडून जाणाऱ्या रेषेवर सुरुंगांचे स्फोट करून, त्यांच्या लहरी खालून परतायला किती वेळ लागतो हे नोंदवले आहे. त्यावरून या पट्ट्यातील कवचाची जाडी सुमारे ४० किलोमीटर निघते. आपल्याकडचे ८०० फुटांचे बोरिंग म्हणजे जेमतेम २४४ मीटर, अर्थात त्या जाडीचा दीडशेवा भागही नव्हे. रशियातील कोला येथे १२,२६२ मीटर खोल, म्हणजे मावशीच्या बोरिंगच्या पन्नास पट खोल छिद्र पाडले गेले. तळाशी तापमान सुमारे १८० अंश सेल्सिअस होते आणि खडक घट्टच होता. लाव्हा कोठेही लागला नाही, कारण कवचाखाली लाव्ह्याचा समुद्र नाहीच. भूकंपाच्या आडव्या लहरी द्रवातून जात नाहीत, परंतु कवचाखालच्या प्रावरणातून त्या सुखरूप पार होतात. प्रावरण तप्त असले तरी ते जवळपास सगळे घन खडकाचेच आहे. माळव्याचा काळा दगड लाव्ह्याचा आहे हे खरे, पण तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजला.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करावे लागते. जमिनीत पाणी शिरल्याने भूकंप होऊ शकतात. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६०च्या दशकात ३,६०० मीटरहून खोल विहिरीत दाब देऊन सांडपाणी सोडले, तेव्हा धक्के बसले. आपल्या कोयनेचा १९६७चा भूकंपही धरणाच्या पाण्याशी जोडला जातो. मात्र तेथे विहीर कित्येक किलोमीटर खोल आणि पाणी दाबाखाली होते, किंवा अख्खे धरण होते. छतावरून गाळणीतून उतरणारी पन्हाळीची धार त्या रांगेत बसत नाही. नर्मदेच्या खोऱ्यात भूकंप होतात, हेही खरे. परंतु २२ मे १९९७ रोजी जबलपूरला बसलेल्या धक्क्याचे केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. इतक्या खोलवर खडक कडकन तुटू शकतो, यावरूनच येथील कवच किती जाड आहे ते दिसते.

हिमालयाचा मुद्दा तर साफ उलटा आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या मध्य प्रदेशातच सापडला. सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेकडचे कालियाना यांच्यातील अंतर साखळी-त्रिकोणांनी मोजले आणि ताऱ्यांवरून काढले, तेव्हा दोहोंत सुमारे ५ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) फरक आला. पर्वत ओळंब्याला आपल्याकडे ओढतो आणि त्यामुळे ताऱ्यांवरून काढलेले माप चुकते. कलकत्त्याचे आर्चडीकन (चर्चचे वरिष्ठ अधिकारी) प्रॅट यांनी हिमालयाच्या या ओढीचा हिशेब मांडला, तर फरक १५ विकलांहून अधिक यायला हवा होता. त्याच १८५५ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी उलगडा केला: पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्याप्रमाणे पर्वताचे हलके मूळ खालच्या जड खडकात खोल बुडालेले असते, म्हणून पर्वताची ओढ अपेक्षेपेक्षा कमी भरते. तिबेटखालचे कवच आज सुमारे ७० किलोमीटर भरते, महासागरांखालचे मात्र अवघे सातेक.

खणल्याशिवाय जाडी कळत नाही, हा आग्रह १९०९ सालीच निकाली निघाला. क्रोएशियातील झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदींत तेथील शास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांना एकाच धक्क्याच्या दोन लहरी वेगवेगळ्या वेळी पोहोचलेल्या दिसल्या. दूरच्या ठिकाणी खोलवरून वळसा घालून आलेली लहर आधी पोहोचते, कारण कवचाखालच्या खडकात ती अधिक वेगाने धावते, जसा शहरातून सरळ निघालेल्या ट्रकच्या आधी लांबच्या बायपासने आलेला ट्रक पोहोचतो. या वेळांच्या फरकातून कवच आणि प्रावरण यांच्यातील सीमेची खोली निघते. तीत काही किलोमीटरांची चूक राहू शकते, चाळीसचे पाच मात्र होत नाहीत. मंगळावरही इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने हेच केले. मे २०२२मध्ये तेथे ४.७ तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्याच्या पृष्ठलहरींवरून कवचाची सरासरी जाडी ४२ ते ५६ किलोमीटर ठरली.

पुनर्भरण करताना जपायचे ते एवढेच की पहिल्या एक-दोन पावसांचे छतावरचे घाण पाणी बाहेर जाऊ द्यावे आणि गाळणीतली वाळू धुऊन घ्यावी. मावशीला प्लंबरचा नंबर मी पुन्हा पाठवला आहे.