ऐकतं कोण, असं विचारणाऱ्यांना फौजी रेडिओची गोष्ट

२०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणी पुण्याचा वृत्त विभाग बंद करायचा निर्णय झाला होता, आठवतंय ना? काम छत्रपती संभाजीनगरला हलवणार होते, मग पुण्यात बरीच ओरड झाली, राजकीय मंडळींनी दिल्लीत शब्द टाकला आणि तो निर्णय थांबला. पण तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर रेडिओचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो अरे आता रेडिओ ऐकतं कोण, आकडे दाखवा, उगाच सरकारी पैसा कशाला जाळायचा. दुसरा म्हणतो मराठीवर अन्याय होतोय, मुंबईत एफएमवर मराठी गाणी लागत नाहीत आणि आता हेही काढून घेताहेत. मी बरीच वर्षं जर्मनीत विस्बाडेनजवळ राहतो, आणि मला पहिल्या तटाचं म्हणणं साफ चुकीचं वाटतं, दुसऱ्याचं पटतं पण ते अर्ध्यावरच थांबतात. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

विस्बाडेनला अमेरिकन लष्कराचं युरोपातलं मुख्यालय आहे, त्यामुळे गाडीत एफएम लावला की आजही एएफएन लागतं, म्हणजे अमेरिकन फोर्सेस नेटवर्क. हे सुरू झालं ४ जुलै १९४३ ला लंडनमध्ये, बीबीसीची यंत्रणा उसनी घेऊन, आणि हेतू एकच, घरापासून लांब असलेल्या पोरांना घरची गाणी, घरच्या मॅचेस, घरच्या बोलण्याची ढब ऐकवायची. युद्ध संपल्यावर फ्रँकफर्टच्या होख्स्ट भागातल्या जुन्या किल्लेवजा वाड्यातून ते चालायला लागलं, म्युनिकलाही १९४५ मध्येच एका व्हिलामधून सुरू झालं. जर्मन माणसांनी ऐकावं असा त्यांचा विचारच नव्हता, पण रेडिओच्या लहरींना कंपाउंडची भिंत कुठे असते! नाझींच्या काळात जॅझला शिव्याच मिळायच्या, आणि आता तेच जॅझ रात्री फुकट घरात यायला लागलं. बारा-चौदा वर्षांची पोरं रेडिओला कान लावून बसायची, इंग्लिश कळायचं नाही तरी बसायची.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे तसला रेडिओ अजून आहे, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा. पुढच्या काचेवर गावांची नावं छापलेली, हिल्वरसम, बेरोम्युन्स्टर, लक्झेंबर्ग, आणि त्याच रांगेत एएफएन असंही छापलंय. म्हणजे बघा, परक्या फौजेचं स्टेशन जर्मन कंपनीनं आपल्या काचेवर छापलं, कारण गिऱ्हाईक तेच शोधत होतं. त्या नावाखाली आजोबांनी लहानपणी पेन्सिलीनं ठिपका दिलाय, अंधारात टॉर्च मारून काटा नेमका तिथे न्यायला. मला म्हणाले, शाळेत इंग्लिशच्या मास्तरांनी जे शिकवलं ते सगळं विसरलो, पण त्या डिस्क जॉकींचं बोलणं अजून डोक्यात आहे.

डिस्क जॉकी, हाच खरा मुद्दा आहे. त्या काळी युरोपातले सरकारी निवेदक कसे बोलायचे तर सभेत ठराव वाचल्यासारखे. फौजेच्या रेडिओवर मात्र विशी-पंचविशीची पोरं होती, कालपर्यंत गावात दुकानात वगैरे काम केलेली, ती मित्राशी बोलावं तशी माइकशी बोलायची. ब्रिटिश फौजेचंही स्टेशन होतं, १९४५ पासून हँबर्गच्या म्युझिकहॉलमधून, तिथे ख्रिस हाउलंड नावाचा तरुण रेकॉर्ड लावायचा. १९५२ मध्ये जर्मनांच्या एनडब्ल्यूडीआर रेडिओनं त्यालाच बोलावून घेतलं. हा गडी मोडकंतोडकं जर्मन बोलायचा, स्वतःला हाइन्रिश पुंपरनिकल म्हणवून घ्यायचा (ते इथल्या काळ्या ब्रेडचं नाव), आणि लोक त्याच्यावर फिदा. जर्मनीचा पहिला डिस्क जॉकी म्हणून आजही त्याचंच नाव घेतात. बिल रॅमझी हा अमेरिकन पण तसाच, एएफएन फ्रँकफर्टला प्रोड्यूसर होता, पुढे जर्मन गाण्यांचा स्टार झाला आणि २०२१ मध्ये हँबर्गमध्येच वारला.

आता तुम्ही म्हणाल याचा आपल्याशी काय संबंध. खूप आहे. आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं जो रेडिओ सिलोन जीव लावून ऐकला, तो फौजी रेडिओचाच वारस आहे. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनांच्या साउथ ईस्ट एशिया कमांडनं कोलंबोमधून रेडिओ सीएक चालवला, ब्रह्मदेशापासून पुढे लांबवर पसरलेल्या सैनिकांसाठी. डेव्हिड जेकब्ज, जो पुढे बीबीसीवर फार मोठा निवेदक झाला, तो तिथे होता, डेस्मंड कॅरिंग्टनसुद्धा होता. आणि आवाज हजारो मैल जायला हवा म्हणून शॉर्टवेव्हचा दणदणीत ट्रान्समीटर बसवला गेला. पुढे सैनिक घरी गेले, यंत्रणा सिलोन सरकारच्या हाती आली, आणि त्याच ताकदीवर हिंदी गाणी नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत ऐकू यायला लागली.

इकडे त्याच सुमारास काय चाललं होतं? बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलाच मराठी माणूस, १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. शास्त्रीय संगीतासाठी केसकरांनी जे केलं त्याबद्दल मला आदरच आहे, कितीतरी गायक-वादकांच्या घरची चूल आकाशवाणीच्या मानधनावर पेटली, हे कोणी विसरू नये. पण श्रोत्याला काय आवडायला पाहिजे हे वरून ठरवलं की श्रोता दुसरीकडे काटा फिरवतो, आणि तसंच झालं. १९५२ च्या डिसेंबरात अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत, टेप विमानानं जायची कोलंबोला आणि तिथून परत आपल्याच घरात यायची. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली असं सायानी स्वतः सांगायचे. शेवटी १९५७ मध्ये केसकरांच्याच कारकिर्दीत विविध भारती काढावी लागली, आणि तिथेही फौजी भाईंसाठी 'जयमाला' हा कार्यक्रम आलाच.

मला हे फार विलक्षण वाटतं, की जर्मनीत हाउलंड आणि आपल्याकडे सायानी, दोघांना वाट मोकळी झाली ती फौजेनं टाकलेल्या रेडिओमुळे. आणि दोन्हीकडे मूळ स्टेशन काढताना श्रोते किती मिळतील हा हिशोब कोणीच मांडला नव्हता. लांब पडलेल्या थोड्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलायचं, एवढंच ठरवलं होतं. पुण्याच्या वृत्त विभागाबद्दल आकडे मागणाऱ्यांना मी हेच सांगतो. सकाळी सात दहाच्या बातम्यांत खडकवासल्यातून किती पाणी सोडलं ते जो ऐकतो त्याला ते पुण्याच्याच माणसाकडून ऐकायचं असतं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, मग ते दुसरं कोण सांगणार?

एक जोडी सांगायचीच राहिली. हँबर्गच्या ब्रिटिश फौजी स्टेशनवर क्लिफ मिशेलमोर होता आणि लंडनला बीबीसीत जीन मेटकाफ. रविवारी दुपारी फॅमिली फेव्हरिट्स लागायचं, जर्मनीतल्या सैनिकाची फर्माईश घरच्यांसाठी आणि घरच्यांची सैनिकासाठी, मध्ये ही दोघं तारेवरून एकमेकांशी बोलायची. आधी फक्त आवाजाची ओळख, मग भेट, आणि १९५० मध्ये लग्न. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते शब्दांत नाही सांगता येत, माझी आई पहिल्या वर्षी फोनवर आधी जेवलास का विचारायची आणि मग मागे रेडिओवर काय लागलंय ते ऐकवायला रिसीव्हर तिकडे धरायची.

पण एवढं सगळं गोड गोड नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. फौजेचा रेडिओ म्हणजे शेवटी मालक फौज. व्हिएतनाममध्ये एड्रियन क्रोनॉअर या अमेरिकन फौजी निवेदकानं १९६५ मध्ये सायगावच्या स्टेशनवरून 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम' अशी जी आरोळी ठोकली तिच्यावर १९८७ मध्ये सिनेमा निघाला, पण तो स्वतः म्हणायचा की पडद्यावर दाखवलंय त्यातलं अर्धं जरी मी केलं असतं तर कोर्ट मार्शल झालं असतं. आणि १९७० च्या जानेवारीत त्याच फौजी नेटवर्कच्या टीव्हीवर बॉब लॉरेन्स नावाच्या तरुण सैनिकानं बातम्या देता देता सरळ सांगून टाकलं की आम्हाला खरं बोलू देत नाहीत. त्याला लगेच माइकवरून काढून लांब पाठवून दिलं. म्हणून जे म्हणतात ना की सरकारी रेडिओ म्हणजे नुसता भोंगा, त्यांचा राग मला कळतो. पण म्हणून स्टेशनच बंद करायचं? लॉरेन्सला बोलायला माइक होता म्हणून तो बोलला. निवेदकाला मोकळीक द्या ही मागणी करा, कुलूप लावा ही कसली मागणी?

इथे जर्मनीत दर घराला महिन्याला १८.३६ युरो सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी भरावे लागतात, बघत असाल नसाल तरी. इथले लोक त्यावर जाम भांडतात, चॅनेलं कमी करायचंही चाललंय, म्हणजे इकडे सगळं आलबेल आहे असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडेही पूर्वी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायचेच की लोक. पण एक गोष्ट इथल्या लोकांनी वेळेवर केली, १९५२ मध्येच फ्रँकफर्टला रेडिओच्या रेकॉर्डिंगचं संग्रहालय उभं केलं. अमेरिकन फौजेची करणी याच्या बरोबर उलट. युद्धात सैनिकांसाठी व्ही-डिस्क नावाच्या बारा इंची रेकॉर्ड काढल्या, १९४३ ते १९४९, ऐंशी लाखांच्या आसपास, त्या काळचे उत्तमोत्तम वादक फुकट वाजवून गेले, आणि ही योजना संपल्यावर मूळ मास्टर प्रती मुद्दाम नष्ट केल्या, कारण कलाकारांशी करारच तसा होता की बाजारात जायचं नाही. ज्यांनी चोरून ठेवल्या त्यांच्या मागे पोलीस लागले. आज त्यातलं जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं सैनिकांनी सामानात लपवून घरी नेलं म्हणून.

आकाशवाणीच्या सांगली, जळगाव, परभणी, रत्नागिरी या केंद्रांवर किती निवेदक आयुष्यभर बोलले, शेतकऱ्यांशी, कामगारांशी, बायकांशी, त्यांच्या टेपा कुठे आहेत? दिल्लीच्या संग्रहात मोठ्या गवयांचं रेकॉर्डिंग जपलंय, छानच आहे, पण गावातल्या निवेदकाचा रोजचा आवाज कोणी जपण्यासारखा मानलाच नाही, त्याच टेपेवर दुसरा कार्यक्रम चढवला असणार. मराठीवर अन्याय म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी इथे जोर लावावा असं मला मनापासून वाटतं. केंद्रात जाऊन विचारा, टेपांची यादी आहे का, कोणाच्या आवाजात आहे, किती खराब झाल्यात. निवृत्त निवेदक अजून आपल्यात आहेत तोवर त्यांच्याकडे बसून नावं लिहून घ्या. आणि घरी कोणी 'आपली आवड' हा फर्माईशींचा कार्यक्रम किंवा बातम्या कॅसेटवर उतरवून ठेवल्या असतील तर त्या रद्दीत देऊ नका, कोणाला तरी सांगून आधी कॉम्प्युटरवर चढवून घ्या, मी इथून त्याचा खर्च उचलायला तयार आहे, आमच्या ग्रुपवर दोघांनी हो म्हटलंय, बाकीच्यांनीही कळवा.